अकरावी खुर्ची

चंद्रप्रकाशच्या लेकीचा, गार्गीचा नववा वाढदिवस रविवारी आला. त्याने बहिणीला, सुलक्षणाला, आठवडाभर आधीच फोन करून बजावलं, "सुला, दिशाला घेऊन यायचं. कारणं नकोत. पास माझ्याकडे आहेत, पार्क आपलाच आहे."

पार्क काही त्याचा नव्हता. मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अलीकडे जल्लोष पार्क होता आणि तिथे तो बारा वर्षं पाळण्यांच्या देखभालीचा सुपरवायझर होता. पण तो 'आपला' म्हणाला की सुलक्षणालाही तो आपलाच वाटायचा. दादाच्या बाबतीत तिचं लहानपणापासून हेच होतं. गिरणी बंद पडली, बाबा घरात भिंतीकडे तोंड करून बसायला लागले, तेव्हा दादाने बारावी अर्धी टाकून आयटीआय धरलं आणि सुलाला मात्र कॉलेजात पाठवलं. पुढे तिला अंधेरीच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत नोकरी लागली. लोकांच्या तक्रारी फोनवर घ्यायच्या आणि मेकॅनिक पाठवायचा, असं काम. तिथलीही ओळख दादाचीच. दादाने रस्ता ओलांडायला सांगितलं की ती गाड्यांकडे न बघता ओलांडायची.

त्या रविवारी सौरभ, तिचा नवरा, कंपनीच्या कामाला नाशिकला गेला होता. घाटकोपरच्या भटवाडीतून त्या दोघी मायलेकी रिक्षाने आल्या. अक्षतावहिनीने डब्यात शिरा आणला होता. सकाळभर दोन्ही पोरींनी धुडगूस घातला. गार्गी तर मोठ्या पाळण्यात तीनदा बसली आणि वरून ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

दुपारी पोरी भिंगरीच्या रांगेत उभ्या राहिल्या. भिंगरी म्हणजे मधोमध उंच खांब, त्याला पसरलेले लोखंडी हात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला एक खुर्ची. मांडीवर दांडा खाली ओढून लॉक करायचा, मग सगळं फिरत फिरत वर जातं. गेट उघडलं तसा चंद्रप्रकाश कुठूनसा लगबगीने आला. निळा युनिफॉर्म, कमरेला चाव्यांचा जुडगा.

"गार्गी, तू बाहेर ये. तुला चक्कर येते," तो म्हणाला.

"बाबा, पण..."

"बाहेर म्हटलं ना!"

गार्गी तोंड पाडून आईजवळ आली. दिशा एकटीच आत गेली आणि समोरच्याच लाल खुर्चीकडे धावली. मामाने तिचं मनगट धरलं, तीन-चार रिकाम्या खुर्च्या ओलांडून तिला पलीकडे नेलं आणि एका पिवळ्या खुर्चीत बसवलं. स्वतः दांडा ओढला, दोनदा हिसका देऊन बघितला, तिच्या डोक्यावर टपली मारली. "दोन्ही हातांनी घट्ट धर हां," असं म्हणाला. सुलक्षणा कठड्याबाहेरून मोबाइलवर शूटिंग घेत होती. भावाचा तिला इतका अभिमान वाटला की तिने कॅमेरा पोरीवरून त्याच्यावर वळवला.

म्हणून दिशा पडली ती त्या व्हिडिओत नाही. त्यात फक्त चंद्रप्रकाशचा चेहरा आहे, वर बघणारा, आणि मग एक खाडकन आवाज.

भिंगरी खाली उतरत होती, म्हणून पोर वाचली. कठड्यावर आपटून ती सिमेंटवर पडली. सुलक्षणा पोहोचली तेव्हा दिशाचे डोळे उघडे होते आणि उजवा पाय मांडीतून भलत्याच बाजूला वळला होता. "आई, माझा बूट कुठे गेला?" एवढंच ती बोलली.

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, मनगट मोडलं होतं, पोटात रक्तस्राव होता. दोन ऑपरेशनं झाली. त्या चार दिवसांत चंद्रप्रकाश हॉस्पिटलमधून हलला नाही. रक्त त्याने दिलं, औषधांसाठी धावला तो, नाशिकहून आलेल्या सौरभला धरून बसवलं त्याने. सुलक्षणा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "दादा, तू नसतास तर काय झालं असतं रे?" असं ती म्हणाली. त्याने तोंड फिरवलं. तिला वाटलं, त्यालाही रडू येतंय.

पाचव्या दिवशी पार्कचा मॅनेजर रतन शेणॉय फळांची टोपली घेऊन आला, दोन मिनिटं हात जोडून उभा राहिला आणि गेला. तो गेल्यावर चंद्रप्रकाशने बहिणीला बाजूला घेतलं.

"सुला, पोलीस जबाब घ्यायला येतील. जरा सांभाळून बोल. पोरं मस्ती करतात, दांड्याशी खेळतात. दिशाने चुकून खटका दाबला असेल. तेवढंच म्हणायचं. मग दवाखान्याचं सगळं पार्क बघेल, पुढचंसुद्धा. मी बोललोय त्यांच्याशी."

"दिशाने दाबला?"

"मी स्वतः लॉक केलं होतं ना? तू बघितलंस. मग आपोआप कसं उघडेल?"

ते तिने बघितलंच होतं. दादाने लॉक केलं म्हणजे केलं. त्या दुपारी दिशाला जरा बरं वाटत होतं, तेव्हा ती पलंगाशी वाकली आणि विचारलं, "बाळा, खरं सांग. मी रागावणार नाही. तू त्या दांड्याला काही केलंस का? तो खटका दाबलास?"

दिशाने मान हलवली. "नाही. मी दोन्ही हातांनी धरला होता. मामाने सांगितलं तसं."

"नीट आठव."

"नाही ना गं आई! मी काहीच नाही केलं!" आणि ती रडायला लागली. रडल्यावर पोटाचे टाके दुखायचे, म्हणून तोंड दाबून रडत राहिली. सुलक्षणाने तिला थोपटलं, पण खरं सांगायचं तर तिचा पोरीवर विश्वास बसला नव्हता. भावावर होता.

दुसऱ्या दिवशी अक्षता गार्गीला घेऊन आली. गार्गीने रंगीत कागदाचं कार्ड केलं होतं. दिशा झोपली होती. अक्षता खाली चहा आणायला गेली तशी गार्गी आत्याला चिकटली आणि हळूच म्हणाली, "आत्या, मी दिशाला सांगायला पाहिजे होतं ना?"

"काय सांगायला?"

"भिंगरीत बसू नको म्हणून. बाबांनी मला कधीच सांगून ठेवलंय, पार्कात कशातही बस, पण भिंगरीत बसायचं नाही. माझ्या मैत्रिणी आल्या होत्या तेव्हापण नाही बसू दिलं. वाढदिवसाला तरी बसू देतील असं वाटलं, म्हणून मी रांगेत उभी राहिले."

"अगं, तुला चक्कर येते म्हणून."

"मला कुठे चक्कर येते?" गार्गीने आश्चर्याने विचारलं.

सुलक्षणाने कार्ड घडी घालून उशीखाली ठेवलं. गार्गीला तिने जवळ घेतलं आणि म्हणाली, "तुझी काही चूक नाही हां, सोन्या. एवढं लक्षात ठेव." मग ती उठली. दादा जिन्याच्या खिडकीशी फोनवर बोलत उभा होता. तिने त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि बंद केला.

"दादा, भिंगरीला काय झालं होतं?"

"काय झालं होतं म्हणजे?"

"गार्गीला का बसू दिलं नाहीस?"

त्याने जिन्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. बोलला तेव्हा आवाज एकदम खाली आला होता. "लॉकच्या स्प्रिंगा झिजल्या होत्या. दोन महिने झाले. मी शेणॉयला तीन वेळा मेसेज केला. पार्ट येतोय, पार्ट येतोय, सुट्टीचा सीझन आहे, बंद ठेवता येणार नाही, असं म्हणाला. मी तार बांधून चालवत होतो."

"आणि रोज सकाळी तपासणीच्या कागदावर सही कोण करायचं?"

"मीच."

"ठीक आहे म्हणून?"

"सुला, नोकरी आहे गं ती! रोज शेकडो माणसं बसत होती, काही झालं नव्हतं. आणि दिशाला मी वाईट खुर्चीत नाही बसवलं, आईशप्पथ! वाईट होत्या सहावी आणि नववी. लाल सहावी होती. म्हणून तर तिला उचलून अकरावीत बसवलं. अकरावी चांगली होती!"

आपण काय बोलून बसलो हे त्याला अजून कळलंच नव्हतं.

"मग सहावीत कोण बसलं त्या फेरीला?" तिने विचारलं.

तो खिडकीची कडी चाळवत राहिला.

"कोणाचं तरी पोर बसलंच असेल ना, दादा? आणि अकरावी एवढी चांगली होती, तर गार्गीला का नाही बसवलंस तिच्यात?"

"रांगेतल्या लोकांसमोर तुला काय सांगणार होतो मी? दोघींना काढलं असतं तर तू विचारलं असतंस. शेणॉय तिथेच उभा होता. मला वाटलं, एका फेरीत काय होणार..."

तिच्या ऑफिसात शिवदास नावाचा म्हातारा मेकॅनिक होता. एकदा भांडुपच्या चौदा मजली इमारतीची लिफ्ट त्याने नऊ दिवस बंद ठेवली होती, ब्रेकचा संशय आला म्हणून. सोसायटीचा सेक्रेटरी रोज फोनवर सुलक्षणाला शिव्या घालायचा, मालकानेही दम दिला, पण शिवदास चावी खिशात घालून फिरत राहिला. त्याचं म्हणणं एवढंच, मला खात्री नाही तोवर माणूस आत जाणार नाही. त्या दिवसांत सुलक्षणा वैतागून दादाला म्हणाली होती, आमचा म्हातारा फार हट्टी आहे रे. दादा हसून म्हणाला होता, बरोबर आहे त्याचं, यंत्राच्या बाबतीत हट्टीच असावं लागतं.

"मी माझ्या पोरीला खोटं ठरवलं," ती म्हणाली. "तुझ्या शब्दावर. टाके दुखत होते तरी रडत होती ती, आणि मी विचारत होते, नीट आठव म्हणून."

ही गोष्ट घरात पोहोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी आई, वनमालाबाई, मुलुंडहून आल्या. त्या चंद्रप्रकाशकडेच राहायच्या. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी नातीचा पाय बघितला, डोळे पुसले आणि मग लेकीचा हात धरून आपल्या मालवणीत म्हणाल्या,

"सुला, तो तुझो सख्खो भाव आसा. तेका तुरुंगात धाडूचा आसा तुका? चेडवाचा हाड जुळात गो, पण मोडलला घर परत जुळूचा नाय."

"आई, हाड माझ्या पोरीचं मोडलं आणि घर मी मोडलं?"

"तेणा तुका शिकवल्यान, ह्या विसरा नको."

"नाही विसरले. म्हणून तर इतके दिवस मला काही दिसलं नाही," सुलक्षणा म्हणाली. वनमालाबाई उठल्या. निघताना मात्र त्यांनी, दर वेळेसारखा, लेकीच्या गालावरून हात फिरवला नाही.

पोलीस आले तेव्हा सुलक्षणाने जबाब दिला. तार, स्प्रिंगा, सह्या, मॅनेजरला केलेले मेसेज, सगळं सांगितलं. गार्गीचं नाव मात्र तिने कुठेही घेतलं नाही. सौरभ शेजारी उभा होता. सही करताना तिचं पेन थांबलं, तेव्हा तो फक्त एवढंच म्हणाला, "तुला जमत नसेल तर मी सांगतो." तिने नकारार्थी मान हलवली आणि सही केली.

आठ दिवसांत पार्कने पत्रक काढलं: देखभाल सुपरवायझरच्या वैयक्तिक निष्काळजीपणामुळे अपघात, संबंधितास कामावरून काढले आहे, व्यवस्थापनाला दोषाची कोणतीही कल्पना नव्हती. तपासणीचे सगळे कागद दाखवायला त्यांच्याकडे होते आणि प्रत्येकावर चंद्रप्रकाशची सही होती. त्याला अटक झाली, मग जामीन मिळाला. अक्षताचा फोन आला. ती भांडली नाही, रडलीही नाही.

"सुलाताई, मेसेज यांच्या फोनमध्ये नाहीत. अपघात झाला त्याच संध्याकाळी यांनी पुसून टाकले. शेणॉय म्हणाला होता, तू एवढं कर, आम्ही तुला सांभाळू."

हॉस्पिटलात वर दिशाला रक्त चढत होतं, त्या वेळी दादा खाली उभा राहून मेसेज पुसत होता. सुलक्षणाने फोन ठेवला. बारा वर्षं ज्या माणसांसाठी त्याने सह्या केल्या, त्यांनी त्याला वाऱ्यावर सोडलं होतं. तिला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. आली नाही याचंच तिला वाईट वाटलं.

तीन महिन्यांनी दिशा वॉकर घेऊन घरात चालायला लागली. उजवा पाय किंचित आखूड राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका शनिवारी सकाळी दारात चंद्रप्रकाश उभा राहिला. वाळला होता. त्याला आत ये म्हणायचं की नाही, हे सुलक्षणाला ठरवता येईना. तोवर दिशाच वॉकर सरकवत दाराशी आली.

"मामा, तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

सुलक्षणा दचकली. पोरीसमोर कोणी काही बोललं नव्हतं. पण दोन खोल्यांच्या घरात काय लपतं?

चंद्रप्रकाश खाली बसला, अगदी उंबऱ्याबाहेरच. "हो," तो म्हणाला.

"मग गार्गीला सांगितलंस. मला का नाही?"

त्याने बहिणीकडे बघितलं. लहानपणापासून तो अडला की सुला त्याच्या वतीने बोलायची, बाबांसमोर, आईसमोर, अक्षताशी भांडण झालं तरी. त्या दिवशी ती बोलली नाही. दिशा उत्तराची वाट बघत उभी राहिली, मग हात दुखले तशी वळून आत गेली.

"हे जे आता तिला सांगितलंस, ते पोलिसांना सांग," सुलक्षणा म्हणाली. "शेणॉय काय म्हणाला तेही, मेसेज पुसलेस तेही. सगळं."

"त्याने मीच जास्त अडकेन, सुला."

"हो. अडकशील."

तो उठला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला.

पंधरा दिवसांनी अक्षताने कळवलं की त्याने पोलीस ठाण्यात जाऊन पुन्हा जबाब दिला. फोन तपासणीला गेला, पुसलेल्यातला एक मेसेज सापडला आणि शेणॉयचं नावही गुन्ह्यात आलं. खटला उभा राहायला वर्षं लागतील, असं वकील म्हणतो. भिंगरी सील आहे, बाकीचा पार्क चालू आहे. दिशा आणि गार्गी रविवारी व्हिडिओ कॉल करतात आणि शाळेतल्या बाईंची नक्कल करून हसतात.

दादाने जबाब दिला हे ऐकून सुलक्षणाने त्याला फोन करायला नंबर काढला होता. मग तिला सुचेना, काय म्हणायचं. शाब्बास म्हणायचं, की इतका उशीर का, असं विचारायचं? तिने फोन बाजूला ठेवला आणि दिशाच्या पायाला व्यायाम द्यायला गेली. एक, दोन, तीन, असा पाय वीस वेळा वर करायचा असतो. बाराव्या वेळी दिशा म्हणाली, "आई, तू आकडे चुकतेस," आणि पुढचे तिने स्वतःच मोजले.