वाक्यात बोल

"थोरलीकडे नको गं बाई. ती हल्ली तोंड शिवून बसते. धाकटीला बोलाव ना."

ट्रायल रूमच्या पडद्याआड दोन बायका कुजबुजत होत्या आणि पडद्याच्या अलीकडे, हातभर अंतरावर, थोरली दातांत चार टाचण्या धरून उभी होती. शिवणारणीनेच तोंड शिवलं, यातली गंमत तिला कळली नाही असं नाही. दुसऱ्या कुणाबद्दल असती तर ती खो खो हसली असती.

धाकटी आत गेली. लगेच तिचा आवाज आला, "अगं बाई, मान किती सुंदर आहे तुमची! ही झाकून ठेवायची म्हणजे पाप आहे."

काउंटरवरचा चुगल्या गप्प. जरासुद्धा लाल झाला नाही मेला.

चुगल्या म्हणजे ते यंत्र. सरकारने त्याला भलंमोठं नाव दिलं होतं, पण लोकांच्या तोंडी हेच बसलं. कोटाच्या बटणाएवढं, समोरचं माणूस जाणूनबुजून खोटं बोललं की लाल होणारं. दुकानं, कचेऱ्या, दवाखाने, सगळीकडे ते सक्तीचं होऊन तीन वर्षं झाली होती. पहिले सहा महिने जगबुडी आल्यासारखं वाटलं. ठरलेली लग्नं मोडली, मित्र मित्रांना टाळू लागले, सत्कारसमारंभ दहा मिनिटांत आटोपू लागले. मग माणसं सावरली. कुणाच्या तरी लक्षात आलं की चुगल्याला फक्त वाक्य पकडता येतं. प्रश्न काही खोटा नसतो, हुकूमही खोटा नसतो. झालं! पुढारी प्रश्नांत भाषणं ठोकू लागले. "भाजी कशी झालीय?" म्हटलं की पाहुणे "वाढा की अजून!" म्हणू लागले. "म्हणजे काय!", "नाही तर काय!" आणि "हे काय विचारणं झालं?" या तीन पायांवर अख्खा समाज पुन्हा उभा राहिला.

थोरलीचं मात्र जे गेलं ते गेलं. दुकान सासूबाईंनी उभं केलेलं, पण वीस वर्षं त्यात कात्रीही थोरलीची आणि जीभही थोरलीचीच. पिंपाला कोट घालून "वेलीसारख्या दिसताय हो" म्हणावं आणि पिंपानेही लाजावं, अशी ती जीभ. धाकटी जाऊ तेव्हा मागे मशीनवर बसायची. घरात तिला सगळे भाबडीच म्हणत.

चुगल्या आला आणि भाबडीचे दिवस फिरले. कारण तिला खरोखरच प्रत्येकात काहीतरी छान दिसायचं. कुणाचे खांदे, कुणाची चाल, पोस्टातल्या टकल्या कारकुनाच्या तर कानाच्या पाळ्या! आणि ती ते बोलून दाखवायची, सरळ साध्या वाक्यात, चुगल्याच्या नाकासमोर. जगात कौतुकाचा एवढा दुष्काळ पडलेला असताना लोकांनी काय करावं? चांगली लागलेली बटणं तोडून ती लावून घ्यायला येऊ लागले.

थोरलीनेही प्रयत्न केला होता. एकदा बँकेतल्या बाईंना खालून वर न्याहाळून, खूप शोधाशोध करून, ती म्हणाली, "तुमचं कोपर चांगलं आहे." चुगल्या लाल झाला नाही. बाई झाल्या.

तेव्हापासून ती कापणीच्या टेबलाशी राहायची आणि धाकटीचं खळखळून हसणं पाठीवर घ्यायची. पोटात असं काही पेटायचं की इस्त्री त्यावर तापावी. बरं, दोष तरी काय द्यावा? धाकटी कधी उलटून बोलली नाही, कधी पुढे पुढे केलं नाही. वाईट माणसाचा मत्सर करणं किती सोपं असतं. चांगल्या माणसाचा करायचा म्हणजे स्वतःलाच रोज टोचून घ्यायचं.

आणि त्यातही एक काटा सगळ्यात खोल होता. धाकटीला सगळं जग सुंदर दिसायचं, पण थोरलीच्या कामाबद्दल ती एक वाक्य बोलायची नाही. पूर्वी बोलायची. "ताई, तुमच्या हातात जादू आहे," असं येता-जाता म्हणायची. हल्ली वर्षभर नाही. थोरलीने कापलेला कोट पुढे धरून विचारावं, "कसा झालाय गं?" तर ही म्हणणार, "हे काय विचारणं झालं, ताई?" आणि कोट घेऊन मशीनकडे पळणार. कोपऱ्यात काजं करत बसलेल्या सासूबाईही खाली बघून म्हणणार, "नाही तर काय!" नवऱ्याला विचारावं, तर तो म्हणणार, "तुझ्या कापणीला कोण नावं ठेवेल?"

सगळे प्रश्नच विचारत होते तिला.

तिला वाटायचं, भाबडीचं डोकं फिरलंय. लोकांनी चढवून ठेवलीय. पोस्टातल्या टकल्याला जे मिळतं ते मला नाही!

त्यात धाकटी हल्ली तासभर आधी येऊन दुकान उघडायची. झाडझूड करते म्हणायची. झाडझुडीला तास?

त्या सकाळी थोरली मुद्दाम लवकर निघाली. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. ती वाकून आत शिरली. सासूबाई आपल्या कोपऱ्यात होत्या, म्हणजे त्याही सामील! आणि धाकटी टेबलाशी, थोरलीच्या जागेवर, थोरलीची मोठी कात्री हातात घेऊन उभी.

"वा!" थोरली म्हणाली. "गिऱ्हाईक नेलंस ते पुरलं नाही होय? आता कात्री पण?"

धाकटीच्या हातातली कात्री खाली पडली. "ताई... तुम्ही इतक्या लवकर? चहा टाकू का?"

"चहा गेला खड्ड्यात."

थोरली तरातरा काउंटरकडे गेली, चुगल्या उचलला आणि टेबलावर आपटला. मध्ये शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा कोट तुकड्यातुकड्यांनी पसरलेला होता. काल दुपारी थोरलीनेच कापलेला.

"आता बोल. काय चाललंय?"

"काय असणार, ताई?"

"प्रश्न नको. वाक्यात बोल."

"अगं, सकाळी सकाळी कशाला?" सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "बस ना जरा. पाणी पी."

"तुम्हीही वाक्यात बोला, आई."

 सासूबाईंच्या हातातली सुई काजाच्या कडेवरच थांबली.

"तुला ही कात्री हवी आहे," थोरली म्हणाली. "नाही म्हणून दाखव."

"मला नकोय कात्री," धाकटी म्हणाली. चुगल्या शांतच. तिचे डोळे भरून आले होते. "मला कधीच नको होती."

थोरलीला वाटलं होतं, तो लाल होईल. त्यासाठीच तर तिने तो आणला होता. लाल झाला असता तर किती बरं झालं असतं! मग भांडता आलं असतं, हक्काने, वर्षभराचं.

तिने टेबलावर हात टेकले. हाताखाली बाहीचा तुकडा होता. त्यावर तिची निळी खडूची रेघ, आणि तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, पांढरी. मुंढ्यावरही तसंच. तुकडा अगदी डोळ्यांशी धरल्यावरच तिला ते दिसलं. खाली टोपलीत उसवलेले दोरे होते, परवाच्या कोटाचे, त्याआधीच्याही. पांढरी रेघ कुठेकुठे निळीवरून गेली होती, कुठे आत, कुठे बाहेर, जणू कुणीतरी दारुड्याला हात धरून घरी नेलं होतं.



"बल्ब मेला मिणमिणता..." थोरलीने सुरुवात केली. समोर चुगल्या होता. तिने वाक्य तिथेच सोडलं. मग पुन्हा म्हणाली, "माझी कापणी अजून..." तेही पुढे जाईना.

ती स्टुलावर बसली. आपल्याच मांडीकडे बघत हळूच म्हणाली, "मी जळते तुझ्यावर. तीन वर्षं झाली. तू हसलीस की माझा दिवस नासतो. त्या टकल्याच्या कानांचाही मी राग राग केलाय." तिने चुगल्या धाकटीकडे सरकवला. "हे वाक्य आहे. घे. आता तुझं."

धाकटी टेबलाला वळसा घालून आली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. थोरलीचे दोन्ही हात तिने हातात घेतले. सासूबाई म्हणाल्या, "नको गं," पण तो हुकूमही नव्हता, नुसताच सुस्कारा होता.

"ताई," धाकटी म्हणाली, "तुमच्यासारखा हात मी कुणाचा पाहिला नाही. अजूनही नाही." मग तिला रडू आवरेना, तरी ती बोललीच. "पण वर्ष झालं. आम्ही सगळे बघतोय. तुम्हाला दिसत नाहीये."