मयत की मुदत

"मास्तर, हैबती मेला न्हाई," रखमाजीराव माझ्या ओट्याची पायरी चढता चढताच म्हणाले. "सकाळी कचेरीत येऊन माज्या टेबलाम्होरं हुबा ऱ्हायला. चांगला धडधाकट."

मी मुलांच्या वह्या तपासत बसलो होतो. हा हैबती कोण, तो मेल्याचं कधी ठरलं, आणि तो न मेल्याची बातमी घेऊन हे गृहस्थ माझ्याकडे का आले, यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले, उठले, पुन्हा बसले.

रखमाजीराव माझ्या समोरच्या घरात राहत. डोंगरातल्या लोकांना जंगलात गुरं चारायचे पास देणारी एक लहानशी कचेरी होती, तिथे ते कारकून होते. संस्थान होतं तोवर भोरात सगळा कारभार मराठीत चाले, आणि रखमाजीरावांचं मोडी अक्षर बघायला माणसं मुद्दाम येत. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं आणि वरून येणारे कागद हळूहळू इंग्रजीत यायला लागले. पन्नाशीच्या घरातला, मराठी शाळेची शेवटची परीक्षा म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला हा माणूस एकदम अडाण्यांत जमा झाला. अक्षरं जोडून ते शब्द वाचत, पण अर्थाला अडले की माझ्याकडे येत. मी इंग्रजी शाळेत मास्तर. घरात एक जाडजूड कोश बाळगून होतो, आणि खरं सांगायचं तर कोणी शब्द विचारला की मला जेवल्यासारखं वाटायचं.

"नीट सांगा," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर शाईनं, एकेक अक्षर सुटं काढून, एकच इंग्रजी शब्द लिहिलेला होता: एक्सपायर्ड.

"ह्येचा अर्थ 'मेला' असाच हाय ना?"

"संदर्भ काय आहे?"

संदर्भ असा होता. महिन्यापूर्वी वरून एक यादी आली होती. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या अकरा गुराख्यांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे हा शब्द. यादी मराठीत उतरवून रजिस्टरात चढवायची होती. रखमाजीरावांनी तांबड्या शाईनं अकराही नावांपुढे 'मयत' लिहिलं आणि गावोगावच्या पाटलांना कागद धाडले, की मयतांच्या वारसांनी नव्या पासासाठी कचेरीत हजर व्हावं.

"पाटील कागद घेऊन धनगरवाड्यावर गेला, तवा हैबती म्हशीची धार काढत बसल्याला," रखमाजीराव सांगू लागले. "बायकू भामाबाई वासराला धरून हुबी. पाटलानं कागदच वाचला धडाधडा, मयत हैबती याचे वारसानं ह्यांव करावं न् त्यांव करावं. हैबतीनं चरवी खाली ठिवली. म्हनला, पाटील, म्या मेलो कवा?"

मला हसू आवरेना. रखमाजीराव मात्र हसले नाहीत. हैबती सकाळी तेवढी मजल मारून भोरात आला होता आणि त्यानं त्यांनाही तेच विचारलं होतं. पावसाळा तोंडावर आलेला. मेलेल्या माणसाची गुरं जंगलात कोण सोडणार? त्याच्या मागोमाग आणखी दोन मयत आले आणि उरलेले आठ वाटेवर आहेत असं सांगून गेले.

"अहो, मग मला आधी विचारायचं नाही का?"

"समदं इचारतो की मास्तर. ह्यो येकच शबूद मला येत व्हता."

हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं, की दुसरं कोणी असतं तर तिथेच थांबून विचारलं असतं, हा एकच कसा काय येत होता? मी विचारलं नाही. माझा हात तोवर कोशाकडे गेला होता.

पुढचा अर्धा तास मी जे काही बोललो, ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. मी म्हणालो, रखमाजीराव, हा शब्द मुळात लॅटिनचा, आणि त्याच्या पोटात आहे श्वास. बाहेर श्वास टाकणं, एवढाच त्याचा साधा अर्थ. आता माणूस शेवटचा श्वास टाकतो आणि परत घेत नाही, म्हणून त्याच शब्दाचा अर्थ झाला मरणं. तिथून तो वस्तूंना लागला. पासाची मुदत संपली, कराराची संपली, म्हणजे जणू त्या कागदानं शेवटचा श्वास टाकला. तुमच्या यादीतली माणसं मेलेली नाहीत. त्यांचे पास मेलेत.

"कागदाला श्वास आसतुया व्हय?" रखमाजीरावांनी विचारलं.

मला आणखी चेव आला. म्हटलं, याच घराण्यातले बाकीचे शब्द बघा. आत श्वास फुंकला की इन्स्पायर, म्हणजे स्फूर्ती. कातडीतून श्वास निघाला की पर्स्पायर, म्हणजे घाम. आणि चार जणांनी तोंडाला तोंड लावून, एकमेकांचा श्वास घेत कुजबुज केली की कॉन्स्पायर, म्हणजे कट! ते तोंड उघडं ठेवून ऐकत होते. माझ्या वर्गात असं ऐकणारा एकही मुलगा नव्हता.

"म्हंजी येकाच शबदात माणूस बी मरतु, आन् निस्ती मुदत बी सरती."

"बरोबर."

"आन् कंचं ते कसं वळखायचं?"

"संदर्भावरून."

"आपल्यात बी तसंच हाय म्हना," ते थोड्या वेळानं म्हणाले. "म्हाताऱ्याचं दिस भरलं म्हनत्यात, आन् पोटुशी बाईचं बी दिस भरलंच म्हनत्यात. येक जातंय, येक येतंय."

हे मला कधी सुचलं नव्हतं. मी त्यांची पाठ थोपटली आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजिस्टरातल्या अकरा नोंदी स्वतःच्या हातानं दुरुस्त केल्या. प्रत्येक 'मयत'वर एक सरळ रेघ, वर 'पासाची मुदत संपली', शेजारी सही. चूक कोणाच्या माथी मारली नाही. आठवड्याभरात अकराच्या अकरा माणसं येऊन नवे पास घेऊन गेली. मी शाळेत ही गोष्ट दोन वर्गांना रंगवून सांगितली आणि दोन्ही वर्ग पोट धरधरून हसले.

पण रखमाजीराव काही माझ्याकडे फिरकेनात. रस्त्यात दिसले तर मान खाली. एकदा मी हाक मारली तर नुसतं "येतो, येतो" म्हणाले आणि उलट दिशेला गेले. माझं काय चुकलं ते मला कळेना. माझ्या हसण्याचा राग आला असेल असं मी धरून चाललो.

पुढच्या रविवारी दुपारी ते आले, आणि एकटे आले नाहीत. मागे त्यांच्या बायको धोंडाबाई होत्या. समोरासमोर घरं असून त्या बाईंनी वर्षभरात माझा उंबरा ओलांडला नव्हता. त्या आत आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून बसल्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला होता.

रखमाजीरावांनी कोटाच्या आतल्या खिशातून फडक्याची घडी काढली, ती उलगडून तिच्यातला कागद माझ्यापुढे ठेवला. तार होती, चव्वेचाळीस सालची. घड्यांवर कागद विरला होता आणि मागून पातळ कागदाची चिकटपट्टी लावली होती.

"आमचा मानसिंग," ते म्हणाले. "लढाईत खेचरांच्या पलटणीत व्हता. ही तार आली तवा मला इंग्रजी ठो येत नव्हतं. पोस्टमास्तरनं वाचली न् म्हनला, रखमाजी, प्वार गेलं. म्या म्हनलं, कुठं लिवलंय? त्यानं ह्या शबदावर बोट ठिवलं."

चौथा शब्द. एक्सपायर्ड.

तो एकच शब्द त्यांना का येत होता, ते आता मला कळलं. ज्या कागदावर तो दिसेल तिथे त्यांना दुसऱ्या कोणाला विचारायची गरज वाटलीच नसती.

"मी घरी हिला हैबतीचं सांगितलं," रखमाजीराव खाली बघत म्हणाले. "हसायला म्हून सांगितलं, मास्तर. जेवता जेवता. तर ही भाकरी थापायची थांबली."

धोंडाबाई पहिल्यांदा बोलल्या. आवाज स्वच्छ होता. "अकरा मान्सं मेली म्हून लिवलं न् अकरा बी चालत आली. मंग म्हनलं, आमचा बारावा का न्हाई? त्येनं बी सरकारला अंगठा दिऊन मुदत लिवून दिल्याली. ती मुदत सरली आसंल. तुमीच सांगितलं न्हवं ह्यास्नी, शबूद त्योच आसतू?"

"पर आला का न्हाई मग सा वर्सं?" रखमाजीराव बायकोला म्हणाले. हा वाद घरात आठ दिवस चाललेला असणार.

"आडला आसंल कुठं. लाजला आसंल. न सांगता पळून गेल्याला ना भरती व्हायला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी वाचा. मुदत हाय का मरान हाय, तेवढं सांगा. आमी दोगं बी गोंधळून गेलोय. ह्यांना आन्न ग्वाड लागंना."

मी तार हातात घेतली. सातच शब्द होते. रिग्रेट, सिपाय, मानसिंग, एक्सपायर्ड, हॉस्पिटल, लेटर, फॉलोज. दुःखाने कळवतो, शिपाई मानसिंग इस्पितळात वारला, पत्र मागाहून. संदर्भ, संदर्भ म्हणून मी घसा कोरडा केला होता, तो संदर्भ इथे पहिल्याच शब्दात होता. मुदत संपल्याचं दुःख कोणतंही सरकार तारेनं कळवत नाही.

"मागाहून पत्र आलं का कधी?" मी उगाच विचारलं.

"न्हाई. दोन छापील कागद आलं, त्यावर सह्या करून दिल्या. पत्र काय न्हाई."

मला क्षणभर वाटलं, सांगून टाकावं की नक्की सांगता येत नाही. कोश समोर होता. तीन अर्थ दाखवले असते आणि सुटलो असतो. मग ती बाई उरलेलं आयुष्य दाराकडे कान लावून बसली असती, आणि तिला तिथे बसवणारा मी. मी रखमाजीरावांकडे पाहिलं. ते माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"धोंडाबाई," मी म्हणालो, "इथे मुदत नाही. इथे मरणच आहे. माझी चूक झाली. मी रखमाजीरावांना नको तेवढं सांगितलं."

बाहेर कोणीतरी रहाटावरून पाणी शेंदत होतं. मला वाटलं बाई रडतील, पण त्या रडल्या नाहीत. सहा वर्षांपूर्वी रडून झालं होतं.

"ह्ये म्हनत व्हते, शबदाचा पयला अर्थ श्वास सोडनं," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो."

"म्हंजी त्येनं श्वास सोडला. परत घेतला न्हाई. येवढंच."

"एवढंच."

"मास्तर, येक सांगा. त्यो सोडताना त्येच्याजवळ कुनी व्हतं का? तसं लिवलंय का त्यात?"

सात शब्द होते. मुलांच्या वहीत मुळात नसलेला एखादा शब्द भाषांतरात घुसला तर मी अर्धा गुण कापतो. एकाही मुलाला मी आजवर तो सोडलेला नाही.

"लिहिलंय," मी म्हणालो. "इस्पितळातली एक नर्स शेजारी बसली होती. तिनं हात धरला होता."

धोंडाबाई चौकटीपासून सरकत पुढे आल्या. "कुठं लिवलंय?"

मी घाईघाईनं बोट ठेवलं, आणि ठेवल्यावर पाहिलं तर ते 'लेटर'वर पडलं होतं. रखमाजीरावांच्या कचेरीत तो शब्द दिवसातून पन्नास वेळा येई. टपालाच्या वहीच्या प्रत्येक पानावर तो होता. त्याचा अर्थ सांगायला त्यांना माझी किंवा कोणाची गरज नव्हती.

त्यांनी डोळे उघडले होते. ते तारेवर वाकले. माझ्या बोटाखालचा शब्द त्यांनी अक्षरं जोडत वाचला, त्यांचे ओठ हललेले मला दिसले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली.

"व्हय," ते बायकोला म्हणाले. "तसंच लिवलंय."

धोंडाबाईंनी माझं बोट बाजूला सारलं आणि त्या जागी आपलं ठेवलं. बोटाला पीठ लागलेलं होतं. तो शब्द त्याखाली पुरता झाकून गेला.

"बारकाच शबूद हाय की," त्या म्हणाल्या.