फांदी खाली का?

दवाखान्याच्या आवारातलं झाड बगळ्यांचं होतं, निदान पिल्लं उडेपर्यंत तरी. खाली उभ्या केलेल्या गाड्या त्यांच्या कृपेने पांढऱ्याफटक होत, डॉक्टर रोज नाक मुरडत. पण पक्षी वाचवणाऱ्या संस्थेने बजावून ठेवलं होतं की घरटी रिकामी झाल्याशिवाय फांदी तोडायची नाही, आणि तोडाल तेव्हा यंत्र नको, हातकरवत. घरट्यांची राखण ताईकडे आणि तोडण्याचं काम तिच्या धाकट्या भावाकडे. भाऊ अंगाने चांगला आडदांड, पण ताईने लहानपणी बारक्या म्हटलं ते म्हटलंच.

त्या सकाळी छतावर झुकलेली मोठी फांदी उतरवायची होती. फक्त ताईचा होकार हवा होता. बारक्याने माणूस उचलणाऱ्या गाडीचा पाळणा आवाराच्या भिंतीबाहेरून वर चढवला. झाडात असा कलकलाट की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. त्याने घसा फाडून विचारलं, "ताई, फांदी खाली का?"

भिंतीपलीकडून उत्तर आलं, "खाली आहे रे!" पुढचं काहीतरी कलकलाटात बुडालं.

त्यांच्या कामात खाली म्हणजे रिकामी. बारक्याने करवत लावली.

फांदी निम्मी कापून झाली असेल, तेवढ्यात एक बगळा त्याच्या डोक्यावरून पानांत शिरला. गळा फुगलेला होता. घरट्यातून तीन माना वर आल्या आणि घासासाठी भांडू लागल्या. बारक्याचा हात थांबला. रिकाम्या घरी जेवण घेऊन कोण येतं? त्याने भिंतीपलीकडे वाकून पाहिलं. बुंध्याला शिडी लावलेली होती आणि शिडीपाशी ताईच्या चपला.

कलकलाट क्षणभर ओसरला, तशी कापाच्या पलीकडून, पानांच्या आडून ताई कुणाशी तरी बोलताना ऐकू आली. "गप रे बाबा, पोचवते तुला आईकडे."

खाली होतं ते पिल्लू. खाली पडलेल्या पिल्लाला बगळे चारत नाहीत, म्हणून ताई त्याला पिशवीत घालून वर ठेवायला जाते, हे बारक्याला पक्कं ठाऊक होतं. आताच कुठे गेली होती अक्कल?

कापाचं तोंड जरासं उघडलं. कट्ट असा आवाज झाला.

ओरडावं तर ताई दचकेल, गप्प बसावं तर फांदी गप्प बसणार नाही. त्याने पाळण्यातला जाड पट्टा वरच्या फांदीवरून टाकला आणि कापाच्या पलीकडे आवळला. गाठ दोनदा सुटली. मग इंचाइंचाने पाळणा ताईपाशी नेला.

"ताई, पाळण्यात ये."

"थांब रे, हातभर राहिलंय."

"ताई, आत्ता!"

ती पुढे वाकली. फांदी कुरकुरली आणि ढळली. ताईचा चेहरा उतरला. "कीड लागलीय का रे हिला?"

त्याने तिचा दंड धरून तिला आत ओढलं. तेवढ्यातही तिने पिल्लू घरट्यात टाकलंच.

जमिनीवर आल्यावर बारक्या खाली बसला. ताईने त्याच्या हातावरचा ओला भुसा पाहिला, मग करवत, मग वर लोंबणारी फांदी.

"मी पिल्लू खाली आहे म्हणाले होते," ती हळूच म्हणाली.

"मला वाटलं, फांदी." एवढा आडदांड माणूस, पण तो रडत होता. "उद्यापासून आपण रिकामी म्हणू, ताई. खाली हा शब्दच नको."

"तुला हवं ते म्हण." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण करवत लावायच्या आधी एकदा वर बघ."

दोघांनी वर पाहिलं. घरट्यात आता चार माना होत्या. पट्टा ताणलेला होता, फांदीखाली लगेच टेकू द्यायला हवा होता. बारक्या डोळे पुसत टेकू आणायला उठला.