मागे घर नसलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, पण नाटकातला. म्हणजे मला चौकट आहे, उंबरा आहे, कडीसुद्धा आहे, फक्त मागे घर नाही. मागे बांबूचा टेकू आणि वाळूचं पोतं. पुढून मी सागवानी दिसतो आणि मागून फळकुटाचा आहे, हे मी लपवत नाही. खऱ्या घरांचे दरवाजे मला हसतात. हसोत बापडे. त्यांच्याकडे बघत अख्खं गाव कधी श्वास रोखून बसलं होतं का, ते त्यांनी सांगावं.

इस्लामपूरच्या बाजूला, उसाच्या एका गावात हरिबा सुतारानं मला घडवलं. यात्रेत गावची मंडळी दरवर्षी एकच नाटक करायची. ते एका जुन्या कादंबरीवरून बेतलेलं होतं. पहिल्या अंकात मुलगा आईच्या पाया पडून लढाईवर जातो, माझ्यातूनच बाहेर पडतो. पुढचे दोन अंक आईबाप त्याची वाट बघतात. शेवटी दारावर थाप पडते, आई धावत येऊन मला उघडते, आणि बाहेर कुणीच नसतं. नुसता काळोख. हरिबानं माझ्या बिजागऱ्या जरा घट्ट बसवल्या होत्या, म्हणजे मी सावकाश उघडावं आणि लोकांनी शेवटपर्यंत आशा धरावी.

नाटक बसवायचे मानसिंगराव. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बापाचं कामही तेच करत. तालमीच्या पहिल्या दिवशी ते मूळ पुस्तक हातात घेऊन सगळ्यांना सांगायचे, "पुस्तकात आई दार उघडतच न्हाई. थाप पडती, ती बसल्या जागी बसून ऱ्हाती आन् पुस्तक संपतं. नाटकवाल्यानं दार उघडाय लावलं, कारन समोर माणसं बसल्यात, त्यास्नी कायतरी दिसाय पायजे. पर उघडून बी बाहेर कुनाला उभा केला न्हाई. ह्येच लय अवघड हाय गड्या." मला दोन्ही शेवट आवडायचे. नाटकाचा अंमळ जास्त, कारण त्यात मला काम होतं.

मुलाचं काम अमृत करायचा. तो खराच फौजेत होता आणि यात्रा बघून सुट्टी टाकायचा. माझ्यातून निरोप घेऊन गेला, की मागे वाळूच्या पोत्यावर बसून चहा प्यायचा. शेवटची थाप तोच माझ्या पाठीवर द्यायचा आणि पटकन अंधारात बाजूला व्हायचा. समोर पहिल्या रांगेत त्याची आई, बनाबाई, पदर तोंडात धरून रडायची. पोरगा मागे चहा पितोय हे माहीत असूनही रडायची. मग घरी जाताना दोघं मायलेक हसत जायचे.

एका हिवाळ्यात वर सरहद्दीवर, अमृतच्या चौकीजवळ बर्फाचा कडा कोसळला. काही जवान सापडले, अमृत सापडला नाही. सरकारकडून निरोप आला, पण अमृतचं शरीर आलंच नाही, त्यामुळे बनाबाईला रडायला काही समोर नव्हतं. त्या वर्षी नाटक बंद ठेवायचं ठरत होतं. ती स्वतः तालमीला आली आणि म्हणाली, "करा नाटक. मला बघायचं हाय."

चंद्राबाई नावाच्या सांगलीच्या नटी आईचं काम करत. त्यांनी मला उघडलं, बाहेर कुणी नव्हतं, आणि बनाबाईनं हंबरडा फोडला. मित्रांनो, तिच्याबरोबर सगळं गाव रडलं. दुसऱ्या दिवशी मंडळी सामान आवरत होती, तेव्हा बनाबाई शेतात तण काढायला, भांगलणीला निघाली होती. थांबून मानसिंगरावांना म्हणाली, "रडून झालं. आता वरीसभर कामाला मोकळी." पुढे दरवर्षी असंच होत गेलं. माझ्या मागे काही नाही याची मला तोवर कायम लाज वाटत आली होती. त्या काळात ती लाज गेली.

मग त्या नाटकाचा सिनेमा झाला. यात्रेत मोठ्या पडद्यावर तो दाखवला. मी पडद्याच्या मागच्या बाजूला उभा होतो, म्हणून मला सगळं उलटं दिसलं. जवान डाव्या हातानं सलाम ठोकत होते. तरी सांगतो, सिनेमा वाईट नव्हता. आईचा चेहरा इतका जवळून दाखवला होता, की शेवटच्या रांगेलाही तिच्या डोळ्यातलं पाणी दिसलं. ते आम्हाला कधी जमलं नाही. पण कॅमेऱ्याला दरवाज्याची फारशी गरज पडत नाही. तो मुलाच्या मागोमाग बाहेर गेला. बर्फ दाखवला, गोळीबार दाखवला. जिथे पुस्तक गप्प बसलं आणि नाटकानं काळोख दाखवला, तिथे सिनेमानं पोरगा आणून उभा केला. दार उघडलं, तो हसला, आणि गाणं लागलं. दार अस्सल सागाचं होतं, पितळी फुलांचं. माझा जळफळाट झाला हे कबूल करतो.

बनाबाई तेव्हा लेकीकडे फलटणला गेली होती. तिनं सिनेमा बघितला नाही.

पुढच्या वर्षी तालमी सुरू झाल्या, तेव्हा यात्रा कमिटीचे नानासो येऊन म्हणाले, "मानसिंगराव, पोरगा परत येऊ द्या की. पिक्चरमदी आलाय. आता लोकांस्नी आपलं नाटक अर्धवट वाटतंय."

"अर्धवटच हाय त्ये," मानसिंगराव म्हणाले. "म्हनून तर करतोय."

"आवं, बनाकाकूचा तरी इचार करा. दरसाल किती रडायचं तिनं? जरा बरं वाटंल तिला."

यावर मानसिंगराव शेवट बदलायला तयार झाले. सगळे तिच्या भल्याचंच बोलत होते. तिला मात्र कुणी विचारलं नाही.

यात्रेत नाटक उभं राहिलं. मुलाच्या कामाला आता शिवतेज होता, भरतीची तयारी करणारा उंचापुरा पोरगा. शेवटची थाप त्यानं दिली आणि बाजूला झाला नाही. चंद्राबाईंनी मला उघडलं. वर्दीतला शिवतेज चौकटीत उभा. शिट्ट्या, टाळ्या, कुणी टोपी उडवली.

बनाबाई उठली. पायऱ्या चढून रंगमंचावर आली. शिवतेजच्या तोंडावरून तिनं हात फिरवला, मग त्याला हलकेच बाजूला केलं आणि माझी चौकट धरून मागे वाकून बघितलं.

"ह्याच्या मागनं आजून कोन येतंय का?"

टाळ्या थांबल्या. मागे वाळूचं पोतं होतं आणि बांबू. ती तशीच बघत राहिली. बापाच्या वेशातले मानसिंगराव पुढे झाले. कुणीतरी पडदा ओढला. त्या दिवशी ती रडली नाही.

सकाळी मला उतरवत होते तेव्हा मानसिंगराव तिला म्हणाले, "बनावैनी, चुकलं आमचं. पुढच्या साली जुन्यावानीच करू. त्यो येत न्हाई."

"येत न्हाई कसा?" ती म्हणाली. "आला की. मी बघितला."

त्यानंतर नाटक झालं नाही. आता मी सोसायटीच्या गोडाऊनच्या पडवीत खतांच्या पोत्यांमागे टेकून उभा आहे. रंग उडाला, खालची फळी वाळवीनं खाल्ली. समोर एसटीचा थांबा आहे. बनाबाई तिथे येऊन बसते. गाडी आली की उठते, सगळे उतरेपर्यंत उभी राहते, आणि मग पुन्हा बसते. शेतात ती आता जात नाही.

मित्रांनो, पुस्तकाचं नाटक करा, नाटकाचा सिनेमा करा, शेवटही हवा तो करा. फक्त एवढी काळजी घ्या, की समोर कोण बसलंय ते आधी बघा, आणि त्यालाही एकदा विचारा. माझं हे मागणं आता उशिराचं आहे, हे मलाही कळतं.

शिवतेज फौजेत भरती झाला. सुट्टीवर येताना तो आमच्या थांब्यावर उतरत नाही. अलीकडच्या गावातच उतरतो आणि उसाच्या सऱ्यांमधून चालत घरी जातो.