न उमटलेली रेघ

तिने चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. रस्त्याच्या कडा जाड झाल्या, दुकानांची नावं विस्कटून काळे डाग झाली, पाण्याच्या निळ्या रेघेला पायऱ्या पडल्या; पण पिवळी रेघ काही दिसेना. खुर्ची पुढे ओढून तिने पडद्याला जवळजवळ नाक लावलं. जिथे रेघ असायला हवी होती तिथे कागदावर चहाचा जुना डाग असावा तशी काहीतरी फिक्कट सावली होती. तीसुद्धा आहे हे माहीत असणाऱ्यालाच दिसली असती.

"काका, जरा इकडे येता?"

शेजारच्या टेबलावरचे काका डबा खात होते. सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणे. हाताने नकाशे काढायच्या काळापासून ते तिथे होते आणि जेवताना उठवलेलं त्यांना मुळीच खपत नसे. पण तिचा आवाज ऐकून ते घास हातात घेऊनच आले.

"गॅसची लाइन कुठंय?" त्यांनी विचारलं.

"मूळ फाइलमध्ये आहे. हे बघा." तिने दुसरी खिडकी उघडली. तिथे पिवळी रेघ होती, तुटक-तुटक, केसासारखी बारीक आणि लख्ख. कितीही मोठी केली तरी तशीच धारदार राहत होती. "मीच काढलीय. पण साइटला पाठवलेल्या चित्रात नाही."

काका घास विसरले. "रेझोल्यूशन किती ठेवलं होतंस?"

तिने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तो आकडा तिथे समोरच होता. बहात्तर.

साइटच्या पत्र्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर मूळ फाइल उघडत नसे. म्हणून नकाशाचं साधं चित्र करून पाठवायचं आणि ते त्यांनी तिथल्या तिथे छापून घ्यायचं, अशी पद्धत पडली होती. मूळ फाइलमध्ये रेघ म्हणजे इथून तिथपर्यंत जाणारी रेघच असते. चित्र करताना मात्र तिचे ठिपके होतात. छापायचं असेल तर इंचाला तीनशे ठिपके, नुसतं फोनवर बघायचं असेल तर बहात्तर पुरतात. सकाळी साहेबांनी रस्ता बंद असल्याची सूचना रहिवाशांच्या ग्रुपवर टाकायला सांगितली, तेव्हा तिने बहात्तर केले. मग सकाळची बाकीची कामं तिने त्याच झपाट्यात पाठवून दिली. प्रोग्रॅम मेला इमानदार, शेवटचा आकडा लक्षात ठेवणारा. बहात्तर ठिपक्यांत केसाएवढी रेघ मावली नाही. ती आजूबाजूच्या पांढऱ्यात मिसळून गेली. आणि साइटवरचा प्रिंटर तर काळा-पांढरा. त्यावर फिक्कट पिवळं म्हणजे काहीच नाही.

"कुठला रस्ता हा?" काकांनी विचारलं.

"धाकट्याचा."

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. त्या रस्त्यावर नव्या पाइपसाठी चर खणायचा होता आणि खणणाऱ्या जेसीबीवर तोच बसला होता.

तिने फोन लावला. रिंग पूर्ण वाजून थांबली. मशीन चालू असताना त्याला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नाही, फोन कुठला! मुकादमाचा लावला, तो कोणाशी तरी बोलत होता. पुन्हा लावला, अजून बोलतच होता. एरवी दोन वाक्यांत फोन ठेवणारा माणूस, आजच त्याला कोण भेटलं होतं कुणास ठाऊक.

"साहेबांना सांग आधी," काका म्हणाले. "ते सगळीकडे निरोप देतील."

तिने साहेबांच्या बंद दाराकडे पाहिलं. आत कोणीतरी पाहुणे होते, हसण्याचा आवाज येत होता. आत जायचं, उभं राहायचं, काय झालं ते पहिल्यापासून सांगायचं, मग ते विचारणार, असं झालंच कसं.

"नंतर सांगते. तुमच्या स्कूटरची चावी द्या."

"अगं, पण..."

"काका, चावी द्या!"

अख्ख्या ऑफिसने मान वर केली. या मुलीला एवढा आवाज आहे हे कोणाला माहीतच नव्हतं. काकांनी खरकट्या हातानेच खिसा चाचपला.

ती धावत रस्त्यावर आली. स्कूटर आधी चालूच होईना, मग चालू झाली ती एकदम उधळली. पहिल्या चौकात सिग्नल लागला. समोर एक माणूस हातगाडीवर गाद्यांचा डोंगर रचून निवांत रस्ता ओलांडत होता आणि तिला त्याचा गळा धरावासा वाटला.

नोकरीला लागली तेव्हा प्रशिक्षणात त्यांना एक फोटो दाखवला होता. जळालेल्या मशीनची केबिन. काचा नव्हत्या, सीट नव्हती, फक्त सीटची स्प्रिंग होती. शिकवणारा म्हणाला होता, माती उचलणाऱ्या बकेटचा लोखंडी दात पाइपला लागतो, गॅस सुटतो, आणि मग दगडावर लोखंड घासल्याची एक ठिणगी पुरते. तेव्हा सगळ्यांनी चुकचुक केली होती आणि मग चहा प्यायले होते. आता तो फोटो तिच्या डोळ्यांपुढून हलेना. त्या स्प्रिंगवर धाकटा बसलेला दिसायला लागला की ती मोठ्याने "नाही, नाही" म्हणायची, आणि शेजारचा दुचाकीवाला वळून बघायचा.

देवा, त्याचं मशीन बंद पडू दे, ती मनात म्हणाली. डिझेल संपू दे. टायर फुटू दे. मुकादमाशी त्याचं भांडण होऊ दे, घरी हाकलला जाऊ दे. रोज सकाळी तो निघताना आई म्हणायची, काम सुरळीत होऊ दे रे बाबा; आणि आज ही सख्खी बहीण त्याच्या कामात विघ्न मागत होती.

कुठेतरी धाडकन आवाज झाला. स्कूटर वाकडी गेली, पाय टेकला, सावरली. एका दुकानदाराने शटर खाली ओढलं होतं, एवढंच. त्याने तिच्याकडे पाहून "ताई, बरं आहे ना?" असंही विचारलं. ती मान हलवून पुढे निघाली. हाताला इतका घाम आला होता की हँडलची मूठ निसटत होती. प्रत्येक वळणावर ती हवेचा वास घेत होती. रबराचा वास, तळणाचा वास, गटाराचा वास. अजून गॅसचा नव्हता.

शेवटच्या गल्लीत अडथळे लावले होते. तिने स्कूटर तिथेच टाकली, उभी करायचंही भान राहिलं नाही, आणि धावत सुटली. मशीनचा आवाज येत होता. म्हणजे चालू आहे. म्हणजे तो आहे. पण चालू आहे म्हणजे खणतोय! तिला एकाच वेळी हायसं वाटलं आणि धडकीही भरली.

"थांब! ए, थांब!"

तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. डांबराचा थर निघाला होता, खाली ओली माती दिसत होती आणि मशीनचा पिवळा हात बकेट घेऊन पुन्हा खाली येत होता. ती दोन्ही हात वर करून चराच्या दिशेने धावली. कोणीतरी तिला मागून धरलं. तेवढ्यात केबिनमधल्या धाकट्याने मान वर केली.

बकेट हवेतच थांबली. मशीनही बंद झालं. एकाएकी शांतता पसरली आणि त्या शांततेत तो उडी मारून खाली आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई?" त्याने विचारलं.

"नाही रे. आई बरी आहे."

"मग अशी काय धावतेस? जीव गेला ना माझा!" त्याने छातीवर हात ठेवला. "मला वाटलं..."

"खाली गॅस आहे," ती म्हणाली. "तुझ्या बकेटखाली. मी रेघ काढलीय, पण चित्रात आली नाही. माझी चूक. मी आकडा बदलायला विसरले."

एका मजुराने तोंडातली सिगारेट काढली. ती पेटवलेलीही नव्हती, तरी त्याने ती सावकाश खिशात ठेवली आणि चार पावलं मागे सरकला.

धाकट्याने केबिनमधून नकाशा आणला. प्लॅस्टिकच्या कव्हरात नीट घालून ठेवला होता. त्याने तो उलगडून पुन्हा पुन्हा पाहिला. "इथे तर काहीच नाही गं."

"तेच सांगतेय. काहीच नाही."

मुकादम फोन कानाला लावूनच आला, तिचं बोलणं ऐकून त्याने तो खाली घेतला. मग त्याने दोन मजुरांना फावडी दिली आणि बकेटच्या खालची माती हळूहळू काढायला लावली. सगळे कडेने उभे राहिले. माती ओली होती, फावडं मऊ आवाज करत होतं. गुडघ्याएवढं खाली गेल्यावर पिवळं काहीतरी दिसलं. मजुराने हाताने माती बाजूला केली. पाइप होता, धडधाकट, बकेटच्या दातांच्या बरोबर खाली. पुढचा एक घास आणि ते दात त्यात रुतले असते.

मग मुकादमाने हात जोडले. "मॅडम, देवासारख्या आलात."

"असं नका हो म्हणू," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मीच मारलं असतं याला."

"ए वेडे," धाकटा म्हणाला. तिच्या पाठीवर थोपटायला गेला, मग हात मातीने भरलेत हे बघून थांबला. "झालं का काही? नाही ना? मग बस्स. घरी सांगू नकोस फक्त. आईला कळलं तर ती मला उद्यापासून कुलूप लावून ठेवेल."

कोणीतरी हसलं. त्या हसण्याने सगळ्यांचा श्वास सुटला. मुकादमाने कोणाला तरी पाणी आणायला पाठवलं. ती मातीच्या ढिगावर बसली. त्या उघड्या पाइपकडे बघता बघता तिच्या मनात काहीतरी अडखळलं.

"पण अरे," ती म्हणाली, "तुम्ही मशीन लावायच्या आधी हाताने एक खड्डा मारून बघता ना? नियमच आहे ना तो? मग हा तेव्हाच कसा दिसला नाही?"

मुकादम दुसरीकडे बघायला लागला.

"आधी मारायचो," धाकटा म्हणाला.

"आधी म्हणजे?"

"तू नकाशे काढायला लागायच्या आधी." तो थोडा लाजला. "पूर्वीचे नकाशे म्हणजे आनंदीआनंद होता गं. दाखवायचे एकीकडे, निघायचं भलतीकडे. तुझा एकदाही चुकला नाही. मग कशाला उन्हात खड्डे मारत बसायचं? अर्धा दिवस जातो त्यात. मीच सगळ्यांना सांगितलं, माझ्या बहिणीचा नकाशा आहे, जमीन उघडून बघितल्यासारखा."

त्याच्या बोलण्यात अभिमान होता. अजूनही होता. तिला वाटलं, त्याने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?" तिने विचारलं.

"आमच्या टोळीला. मग बाकीच्यांनीही बघितलं, यांचं काम लवकर उरकतं. आता कोणीच मारत नाही."

मुकादम खाकरला. "मॅडम, साहेबांना हे एवढं..."

तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती उठली होती. पाणी घेऊन आलेल्या माणसाने ग्लास पुढे केला, तो तिला दिसलाही नाही. सकाळचं टेबल तिच्या डोळ्यांपुढे आलं होतं. रहिवाशांची सूचना, मग या रस्त्याचा नकाशा, आणि त्यानंतर, चहा येईपर्यंत, आणखी एक. तोच आकडा, तोच झपाटा. ते चित्र तिने मोठं करून बघितलंच नव्हतं. का बघेल? तो धाकट्याचा रस्ता नव्हता.

"काय झालं?" धाकट्याने विचारलं. तिचा चेहरा बघून त्याचं हसू मावळत गेलं. "ताई, काय झालं?"

"दवाखान्यामागचा रस्ता," ती म्हणाली. "त्याचाही नकाशा आज सकाळीच गेला."

तो पळायला लागला. तीही पळाली. पडलेली स्कूटर त्याने एका झटक्यात उभी केली, ती मागे बसली, आणि तो गल्लीतून सुटला. मागे मुकादम फोनवर ओरडत होता, पण आता तो काय म्हणतोय ते ऐकू येत नव्हतं. तिने भावाचा शर्ट दोन्ही मुठींत धरला होता. इतक्या वेळात ते मशीन, तो रस्ता तिच्या मनात एकदाही आला नव्हता. तिथे कोण बसतं, म्हातारा की तरणा, त्याच्या घरी कोण आहे, काहीही तिला ठाऊक नव्हतं.

"कोण असतं रे तिथे मशीनवर?" तिने त्याच्या कानाशी ओरडून विचारलं.

धाकट्याने पुढची गाडी ओलांडली, वळण घेतलं.

"आहे एक. नवीनच लागलाय," तो म्हणाला. "फार भितरा आहे. हाताने खड्डा मारल्याशिवाय मशीनला हातच लावायचा नाही. काल संध्याकाळी मीच त्याला समजावलं, ताईचा नकाशा असतो, डोळे झाकून खण."