नळाच्या तोंडाला आच

गोष्ट १९९८ सालची. कळंब्याच्या रस्त्याला तेव्हा वस्ती विरळ होती. घरांच्या मागं ऊस दिसायचा आणि कोपऱ्यावरच्या पिवळ्या टेलिफोनच्या पेटीपुढं रविवारी रांग लागायची. तिथल्याच एका गल्लीत मीनाबाईंचं घर होतं. खाली त्या, सून शिवानी आणि पाच वर्षांची नात साक्षी. मुलगा लष्करात, जम्मूकडं. वरच्या खोल्या विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मुलांना भाड्यानं दिलेल्या.

त्या खोल्या मीनाबाईंच्या नवऱ्यानं, धोंडीराम मास्तरांनी बांधल्या. मास्तर तरुणपणी शिकायला कोल्हापुरात आले तेव्हा मंगळवार पेठेत दारोदार खोली विचारत फिरले होते. लोक नाव विचारत, गाव विचारत, गावातलं घर कुठल्या बाजूला ते विचारत, आणि मग खोली कालच गेलेली असायची. स्वतःचं घर झाल्यावर मास्तरांनी एक रीत पाडली. येणाऱ्याला जात विचारायची नाही. त्याला बसवायचं आणि घरातल्या माठातलं पाणी द्यायचं. प्याला की किल्ली हातात. पेला नुसता धरून बसला, "आत्ताच पिऊन आलो" म्हणाला, की खोली कालच गेली.

मास्तर गेले, पण मीनाबाईंनी रीत मोडली नाही. त्या पाण्यातून पार होऊन कसली कसली माणसं राहून गेली! एकजण बेडकांच्या आवाजाचा अभ्यास करायचा. एकजण गावोगावचे वीरगळ मोजत उन्हातान्हात हिंडला. एकजण गुऱ्हाळागुऱ्हाळातला गूळ आणून तो काळा का पडतो ते बघायचा, आणि उरलेल्या गुळावर घरात पोळ्या व्हायच्या. एका मुलीनं तर मंडईत भांडणाऱ्या बायकांच्या बोलण्यावर प्रबंध लिहिला.

"भांडणावर डॉक्टर होता येतंय?" मीनाबाई शेजारच्या झुंबरबाईला म्हणाल्या होत्या. "मग तू कवाच व्हायला पायजे होतीस की गं!"

त्या वर्षी घरात तिघं होते. आकाराम भौतिकशास्त्राचा, काचेच्या तुकड्यांवर कसलासा पातळ थर चढवायचा आणि तो नीट बसला नाही की जेवायचा नाही. निशिगंधा जात्यावरच्या ओव्या गोळा करायची. ती खालच्या लहान खोलीत, घरच्यासारखीच. आणि तिसरा राजवर्धन, गडहिंग्लजकडचा, चांगल्या बागायतदार घरातला. हा गणपतीच्या आधी खोली बघायला आला तेव्हा मीनाबाई भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. किल्ली शिवानीनं दिली.

"पाणी दिलतंस?" मीनाबाईंनी आल्या आल्या विचारलं.

"इसरलोच की ओ आई. पोरगं भलं दिसलं, दिऊन टाकली किल्ली."

तिथंच मीनाबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

रविवारी सगळे खाली एकत्र जेवायचे आणि जेवताना खरं संशोधन कुणाचं यावर जुंपायची.

"ओव्या गोळा करणं म्हणजे संशोधन व्हय?" आकाराम म्हणायचा. "म्हाताऱ्यांपुढं टेपरेकॉर्डर धरायचा, झालं."

"आणि तू काय करतोस? काचेला रंग देतोस," निशिगंधा म्हणायची. "तुझं काम पेंटर करतोय की स्वस्तात."

राजवर्धन या भांडणात पडायचा नाही. विषय विचारला तर "सूक्ष्मजीव" एवढंच सांगून ताटाकडं बघायचा. भाकरी खायचा, आमटी वाढून घ्यायचा, चहा तर मागून घ्यायचा. पण समोर भरून ठेवलेला पाण्याचा पेला जेवण संपलं तरी तसाच भरलेला राहायचा. मग तो वर जायचा, आणि जिन्यातून त्याच्या खोलीतला स्टो पेटल्याचा आवाज यायचा.

दोन-तीन रविवार गेल्यावर मीनाबाईंनी झुंबरबाईला सांगितलं.

"चहा पितोय पण पाणी पीत न्हाय. ही कुठली तऱ्हा?"

"चहा तर हाटेलात सगळीच पित्यात," झुंबरबाई म्हणाली. "कप कुणाचा, हात कुणाचा, कोण इचारतंय? खरी पारख पाण्यातच असती, मीना. माझी आई दुसऱ्याच्या हिरीवर उभी राहायची, वंजळ करून. मला सांगू नगंस."

निशिगंधाला ते पटेना. तिच्या ओव्यांत वरून ओतलेल्या पाण्याच्या गोष्टी पुष्कळ होत्या. "मावशी, हातचं पाणी ज्याला चालत नाही, त्याला भाकरीसुद्धा चालत नाही. हा तर तीन-तीन खातोय."

आकारामनं काचेवरची नजर न काढता सल्ला दिला. "एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या. मग कळतंय."

मीनाबाईंनी ते मनावर घेतलं. तोच पेला, तोच हात. एका दुपारी गरम दूध नेऊन दिलं, राजवर्धन प्याला. दुसऱ्या दिवशी त्याच पेल्यात ताक. "मावशी, घसा धरलाय" म्हणाला. भाकरीबरोबर पिठलं खाल्लं, काकडीची कोशिंबीर ताटाच्या कडेला सारली. मीनाबाईंनी विचार केला आणि त्यांचं त्यांनाच उत्तर सापडलं. जे जाळावर गेलं ते चालतंय. जाळानं विटाळ जळतो, अशी या लोकांची समजूत असणार. म्हणजे पोरगं शिकलं, पण आतून तसंच राहिलं. फक्त पूर्वीचे लोक तोंडावर बोलायचे आणि हा घसा धरल्याचं सांगतो.

त्यांना रात्री झोप लागेना. त्याला जा म्हणावं, तर निशिगंधाचं म्हणणं आठवायचं. ठेवून घ्यावं, तर मास्तरांनी एवढ्या अपमानातून बांधलेल्या घरात अपमान पोसल्यासारखं व्हायचं. त्यात साक्षीचं दुखणं. पोरीला थंडीभर हगवण लागलेली. औषधानं चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा सुरू. राजवर्धन तिला मांडीवर घेऊन पाढे म्हणून घ्यायचा, तेही मीनाबाईंना खुपू लागलं. पोरगी चालते मांडीवर, आणि पाणी तेवढं चालत नाही.

रंगपंचमी होऊन गेली होती. दुपारी नळाला पाणी आलं म्हणून मीनाबाई घागर घेऊन मागच्या अंगणात गेल्या आणि दारातच थांबल्या.

राजवर्धन नळापुढं उकिडवा बसला होता. शेजारी खाकी कागदात गुंडाळलेली काचेची बाटली. हातात चिमटा, चिमट्यात पेटलेला कापसाचा बोळा. तो बोळा नळाच्या तोंडाभोवती सावकाश फिरवत होता. पितळ काळं पडलं तेव्हा त्यानं नळ सोडला, पाणी थोडं वाहू दिलं आणि मग बाटली भरली.

मीनाबाईंच्या हातातली घागर खाली आपटली.

"काय लावलंयस रं हे?"

"मावशी... नमुना घेतोय."

"माझ्या नळाला आग लावून सुद्द करून घेतोस? माझ्या? एवढा इटाळ हुतोय तर माझ्या घरात राह्यलास कशाला? शिवानी! ह्याची वळकटी आण खाली!"

राजवर्धनला आधी कळलंच नाही. कळलं तसा त्याचा चेहरा उतरला.

"विटाळ? मावशी, काय बोलताय हे! नळाच्या तोंडाला बाहेरून जंतू चिकटलेले असतात, ते मारायला आच द्यावी लागती. न्हाईतर आत पाइपात काय हाय ते कळत न्हाय."

"आणि काय हाय आत?"

त्यानं बाटलीला बूच लावलं.

"बोल की."

"गटारीचं पाणी मिसळतंय. आपल्या गल्लीतल्या सगळ्याच नळांत."

"कवापासनं?"

"गणपतीपासनं दिसतंय मला."

मीनाबाई तिथंच दगडी पायरीवर बसल्या. क्षणभर त्यांना आतून मोकळं वाटलं. अपमान झालाच नव्हता. पण ते मोकळेपण जेमतेम एका श्वासापुरतं टिकलं.

"म्हंजे तू वर स्टोवर उकळून पीत हुतास."

"व्हय."

"आणि साक्षीला मांडीवर घेऊन पाढे शिकवत हुतास."

"सरांनी बजावलंय, मावशी. पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय बाहेर एक शब्द बोलायचा न्हाय. घबराट झाली, पेपरात आलं आणि आपलं चुकलेलं असलं तर? फेलोशिप जाईल माझी. प्रबंध जाईल."

"जातीसाठी प्याला नसतास तर एकटा माझा अपमान झाला असता," मीनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता चढलेला नव्हता. "तो मी गिळलो असतो. लई गिळल्यात आजवर. पण ह्यानं माझी पोर गेली असती. तुला खरं तपासायचं हुतं, तर तपास. 'उकळून प्या' एवढं म्हणाया काय झालतं?"

शिवानी वळकटी घेऊन जिन्यात उभी होती. राजवर्धन अजून बाटलीपाशी उकिडवाच होता.

"ऊठ," मीनाबाई म्हणाल्या. "चल माझ्यासंगं. हे सांग सगळ्या दारांत."

तो उठला. सरांचं नाव त्यानं परत काढलं नाही. दुपारच्या उन्हात दोघं दार वाजवत गेले. त्यानं सांगायचं, मीनाबाईंनी मागं उभं राहायचं. काहींनी ऐकून लगेच पातेली चढवली. एका घरातला माणूस मात्र मीनाबाईंकडं बघून म्हणाला, "आता ह्यांनी सांगायचं आणि आम्ही पाणी उकळायचं व्हय?" राजवर्धनच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मीनाबाईंना त्याचं नवल वाटलं नाही. त्या पुढच्या दारी गेल्या.

झुंबरबाईनं सगळं ऐकलं आणि मीनाबाईंना बाजूला ओढलं. "जात झाकाय जंतू काढला त्यानं. ध्येनात ठेव माझं."

आठवड्याभरात पालिकेची माणसं आली, रस्ता खणला. गटारीखाली पाइपचा जोड सुटलेला सापडला. उकळलेल्या पाण्यावर साक्षीचं पोट महिनाभरात बरं झालं. राजवर्धनच्या सरांचा राग मात्र बरा झाला नाही. न विचारता बोललास, आता दुसरा मार्गदर्शक बघ, म्हणाले. त्यानं विषय बदलला आणि उसाच्या मुळांतल्या जंतूंपासून पुन्हा सुरुवात केली.

वळकटी वर परत गेली होती ती नळापुढं भांडण झालं त्याच संध्याकाळी. त्याआधी मीनाबाईंनी त्याला समोर बसवून एक विचारलं.

"तुझी आजी हाय नव्हं घरात? तिला माझ्या हातचं पाणी चालंल?"

"आजीला न्हाय चालायचं, मावशी. मला चालतंय."

मीनाबाईंनी उकळून गार केलेलं पाणी त्याच्यापुढं ठेवलं. तो सगळं प्याला. त्या त्याच्या गळ्याकडं टक लावून बघत होत्या. उकळलेलं म्हणून प्याला, की आपण बघतोय म्हणून, की खरंच काही नव्हतं म्हणून, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पुढं ज्याचं त्याचं आयुष्य ज्याच्या त्याच्या वाटेनं गेलं. आकारामला कोरियात नोकरी लागली; त्याचा पातळ थर तिकडं नीट बसला असावा, कारण तो परतला नाही. राजवर्धनला पदवी मिळाली आणि २००२ साली गडहिंग्लजला त्याचं लग्न झालं. मीनाबाई हौसेनं गेल्या, आजी जिथं बसली होती तिच्या समोरच बसल्या आणि आपल्याला पाणी कोण आणून देतंय याची वाट बघत राहिल्या. पण मांडवात सगळ्यांनाच पाण्याच्या बंद पिशव्या मिळत होत्या. आता तो सांगलीकडं एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. झुंबरबाई मुलाकडं पुण्याला गेली. आपलंच खरं होतं, असं ती तिथल्या शेजाऱ्यांनाही सांगायची. साक्षी कॉमर्सला गेली. शिवानीचा नवरा लष्करातून सुटून आला आणि त्यानं गल्लीच्या तोंडाला झेरॉक्सचं दुकान टाकलं.

मीनाबाई २००७ च्या थंडीत गेल्या, फारसं न दुखता. निशिगंधा तेव्हा आजऱ्याकडं एका कॉलेजात शिकवायची. तिला निरोप उशिरा पोचला. ती दुसऱ्या दिवशी आली आणि शिवानीबरोबर मेथी निवडत संध्याकाळपर्यंत बसली.