दोन पडदे, एक पेटी

संगणकवाल्या बाईंनी पेटीचे झाकण उतरवून बाजूला ठेवले आणि आतून निघालेल्या दोन केबलींवर बोट टेकवले. एक दर्शनी दुकानातल्या पडद्याकडे जात होती, दुसरी भिंतीच्या भोकातून मागच्या गोदामाकडे. बेअरिंगांच्या त्या दुकानाचे दोन्ही मालक, सख्खे भाऊ, पेटीच्या दोन अंगांना उभे होते.

"वाटणीच करायची तर दुसरी पेटी घ्यावी लागेल," बाई म्हणाल्या. "पण बिनसलं कशावरून?"

"आलेला माल मी चढवतो," थोरला म्हणाला. "संध्याकाळी पाहावं तर आकडा पुसलेला."

"आणि मी विकलेला वजा करतो, तोही गायब," धाकटा म्हणाला. "दुकानात उंदीर नाहीत, बाई. आहोत ते दोघंच."

"ऐकलंत? ज्याला बोट धरून चालायला शिकवलं, तो आता मला उंदीर म्हणतो."

बाईंनी दोघांना आपापल्या पडद्यापुढे बसवले आणि सर्वांत खपणाऱ्या एकाच बेअरिंगची नोंद उघडायला सांगितली. शिल्लक चाळीस होती. थोरल्याने आलेले दहा मिळवले. मागोमाग धाकट्याने विकलेले दोन वजा केले. नोंद पुन्हा उघडली, तेव्हा तीत अडतीस होते.

"दादाचे दहा कुठे गेले?" धाकट्याने विचारले. वर्षभरात 'दादा' हा शब्द त्याच्या तोंडी प्रथमच आला होता.

"तुम्हीच पुसलेत, नकळत. ही कार्यप्रणाली मुळात एकट्या माणसासाठी रचलेली. दुसरा पडदा तिला मागाहून जोडला. ती दोघांना तीच नोंद वाचू देते आणि जो शेवटी लिहील त्याचंच खरं धरते. नव्या आवृत्तीत एकाने नोंद उघडली की दुसऱ्याला थांबावं लागतं."

"हे आधी का नाही सुचलं कुणाला?"

"रचणाऱ्यांनाही ठेच लागल्यावरच कळलं."

बाईंनी त्याच दुपारी नवी आवृत्ती चढवली आणि निघताना दुसऱ्या पेटीविषयी विचारले.

"सोमवारी कळवतो," थोरला भिंतीकडे पाहत म्हणाला.

सोमवारी पहिले गिऱ्हाईक तेच बेअरिंग मागत आले. धाकट्याने नोंद मागितली. पडद्यावर एक ओळ उमटली: नोंद दुसरीकडे उघडी आहे, थांबावे. तो थांबला. पुन्हा मागितली, पुन्हा तीच ओळ. गिऱ्हाईक एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होते. एरवी तो भिंतीवर बुक्की मारून मोकळा झाला असता. आज तो उठला आणि वर्षभरात न ओलांडलेला गोदामाचा उंबरठा ओलांडून आत गेला.

थोरला पडद्यासमोर ताठ बसला होता. नोंदीतला आकडा कालचाच होता. कळफलकावर हात नव्हता, आणि ज्याच्यावाचून त्याला दुकानाची पाटीही वाचता येत नसे, तो चष्मा घडी होऊन खिशात होता. शेजारी आणखी एक स्टूल होते, नुकतेच पुसलेले.

"दादा, तुझं झालं का? गिऱ्हाईक खोळंबलंय."

"होतंय," थोरला म्हणाला. "बैस."

धाकट्याने एकदा पडद्याकडे पाहिले, एकदा खिशातल्या चष्म्याकडे. मग स्टूल ओढून घेतले आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "जरा थांबा हं. नोंद उघडी आहे आमची."